मोडीत न निघालेल्या मोटारी

मोटारीचा इतिहास लिहिताना हेन्री फोर्डचे नाव येते, जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोनचे येते. मोटार कोणी काढली आणि किती खपली, याचा हिशेब चोख मांडलेला असतो. परंतु खपलेली मोटार पुढे कोणी चालती ठेवली, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. आम्ही गेली तीस वर्षे यंत्रकामगारांच्या संघटनेत वावरत आलो आहो. शाळा लवकर सुटली. इतिहास वाचला तो रात्री, आणि कारखान्यातल्या माणसाच्या नजरेने. म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकन मोटारींची ही हकीकत आम्ही कारखान्याच्या दारापाशी संपवणार नाही.

फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेत खाजगी मोटारींचे उत्पादन थांबले आणि ते कारखाने युद्धसामग्रीला लागले. जुलै १९४५ मध्ये फोर्डची पहिली युद्धोत्तर मोटार बाहेर पडली. साडेतीन वर्षे लोकांनी जुन्याच गाड्या रेटल्या होत्या. गिऱ्हाईक नव्या गाडीसाठी आसुसलेले होते. त्यामुळे पहिल्या दोनतीन वर्षांत निघालेला माल बव्हंशी १९४२ चाच नमुना होता. पुढची जाळी बदललेली, चकाकी वाढवलेली, इतकेच.

याच वेळी कामगारांनी एक विलक्षण प्रश्न विचारला. २१ नोव्हेंबर १९४५ रोजी जनरल मोटर्सच्या तीन लाखांहून अधिक कामगारांनी संप सुरू केला. त्यांचे पुढारी वॉल्टर रूथर यांची मागणी अशी की, पगार ३० टक्के वाढवा, पण मोटारीची किंमत वाढवू नका; आणि परवडत नसेल तर हिशेबाच्या वह्या उघडून दाखवा. संप ११३ दिवस चालला. वह्या उघडल्या नाहीत. तासाला साडेअठरा सेंटची वाढ मिळून तो मिटला. पुढे १९५० साली पाच वर्षांचा करार झाला. पगाराची हमी आणि पेन्शन पदरात पडले. ही कमाई थोडी नव्हे. परंतु कोणती मोटार काढायची, ती कशी असावी आणि किती टिकावी, हे ठरवण्याचा हक्क मालकाच्याच हाती राहिला.

त्या हक्काचा उपयोग कसा झाला? जनरल मोटर्सने १९२७ मध्येच मोटारीच्या रंगरूपासाठी वेगळे खाते काढून हार्ली अर्ल यांना त्यावर नेमले होते. दरवर्षी रूप पालटायचे, म्हणजे गेल्या वर्षीची गाडी मालकाच्याच डोळ्यांना जुनी वाटू लागते, हे त्यामागचे धोरण. १९४८ च्या कॅडिलॅकला मागे लहानसे पंख फुटले; १९५९ पर्यंत ते पंख उंच, टोकदार झाले. गाडी धडधाकट असताना ती जुनी ठरवावयाची, असा हा बेत होता.

पण पंख पत्र्याचे होते आणि पत्र्याखालचे लोखंड पंखांच्या गतीने बदलत नव्हते. शेव्हरोलेचे २१६ घनइंचांचे सहा सिलिंडरचे इंजिन १९३७ पासून १९५३ पर्यंत चालले. बहुतेक गाड्यांची बॉडी वेगळ्या भक्कम चासीवर बोल्टांनी बसवलेली असे. बॉनेट उघडले की इंजिनाच्या बाजूला हात घालायला जागा मिळे. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्यूटर, पंप, सारे पान्यांनी खोलता येत असे. आत काय चालले आहे हे मिस्त्रीला डोळ्यांनी दिसे, कानांनी कळे. मालकाने जी वस्तू लवकर टाकून देण्यासाठी विकली, ती कामगाराने पुन्हा उभी करता येईल अशी घडवली होती. या विसंगतीतूनच पुढचा सारा इतिहास निघतो.

जुनी गाडी उभी करणे म्हणजे काय, हे एका उदाहरणाने सांगतो. याच शेव्हरोले इंजिनातील बेअरिंगे बॅबिट नावाच्या मऊ पांढऱ्या धातूची असत. ती झिजली की इंजिन ठोके देऊ लागते. जुना धातू वितळवून काढायचा, लोखंड स्वच्छ करून त्यावर कथलाची कल्हई चढवायची, मग साच्यात नव्या धातूचा रस ओतायचा. थंड झाल्यावर तो कातून, निळा रंग लावून शाफ्ट फिरवून पाहायचा. रंग जेथे उठेल तेथे किंचित खरवडायचे, आणि पुन्हा पाहायचे. धातू कोठे पुरेसा तापला आणि कोठे जास्त, हे बोटांत मुरावे लागते. बॉडीच्या सांध्यांत शिसे भरण्याचे कामही तसेच. त्या शिशाची धूळ आणि ब्रेकपट्ट्यांतील ॲस्बेस्टॉस कामगाराच्या छातीत जाते, हेही येथे नमूद केले पाहिजे. चकाकणाऱ्या मोटारीच्या चित्रात ती दिसत नाही.

अमेरिकेत हे काम आता बहुतांशी हौसेचे झाले आहे. त्याला जीर्णोद्धार म्हणावे. मूळ रंग, मूळ कापड, इंजिनावरचा मूळ क्रमांक जुळला तर किंमत चढते. हौसेला आमचा विरोध नाही. तिच्यामुळे कित्येक विद्या जगल्या. पण त्याच मोटारींचे दुसरे आयुष्य क्यूबात घडले, आणि ते हौसेचे नव्हते.

१९५९ च्या क्रांतीपूर्वी हवाना ही अमेरिकन मोटारींची मोठी बाजारपेठ होती. ऑक्टोबर १९६० मध्ये अमेरिकेने क्यूबाला जाणारा बहुतेक माल रोखला. फेब्रुवारी १९६२ मध्ये व्यापारबंदी पुरी झाली. नवी गाडी नाही आणि सुटा भागही नाही. तेव्हा तेथल्या मिस्त्रींनी ब्यूइक आणि शेव्हरोलेच्या पोटात रशियन गाड्यांची इंजिने बसवली, ट्रॅक्टर-ट्रकांची डिझेल इंजिने बसवली, मिळेना तो भाग लेथवर कातला. ठरलेल्या मार्गावर उतारू भरून धावणाऱ्या या गाड्यांना तेथे ‘आल्मेन्द्रोन’, म्हणजे थोरला बदाम, म्हणतात. त्यांनी लोकांना कामावर पोचवले. येथे मूळपणाला किंमत नव्हती, चालण्याला होती.

आमच्या पक्षाच्या माणसांना न रुचणारी गोष्टही सांगितली पाहिजे. मार्च १९६८ मध्ये क्यूबाच्या सरकारने हजारो छोटे खाजगी धंदे ताब्यात घेतले. म्हणजे ज्याचे हात देशाची वाहने ओढत होते, त्या कारागिराला स्वतःच्या नावाने उघड दुकान मांडणे मुश्किल झाले. क्रांतीपूर्वीच्या गाड्या तेवढ्या मोकळेपणी विकता येत. बाकीच्या गाड्यांच्या खरेदीविक्रीवरचे बंधन २०११ मध्ये सैल झाले. मालक कंपनी असो की सरकार, दुरुस्ती करणाऱ्याला विचारण्याची रीत कोणाचीच नव्हती. आणि क्यूबाच्या या कौशल्याचे गोडवे गाणाऱ्या प्रवाशांनी हेही ध्यानात घ्यावे की, ते टंचाईच्या पोटी जन्मले आहे. टंचाई ही काही पूजा करण्याची वस्तू नव्हे.

आपला या इतिहासाशी संबंध आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. १९५३ मध्ये सरकारने धोरण ठरवले की, भाग येथे न बनवता नुसत्या जोडणाऱ्या कंपन्यांना वाव नाही. १९५४ मध्ये तो कारखाना बंद झाला. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ जोडल्या. कारखान्यांच्या तारखा सापडतात. पुढे त्या गाड्या ज्यांनी रस्त्याकडेच्या गॅरेजांत चालत्या ठेवल्या, त्यांच्या नावांची यादी कोठे आहे? गॅरेजातला पोऱ्या उस्तादाच्या हाताखाली शिकला. त्याला ना दाखला, ना फंड, ना पेन्शन. उस्ताद गेला की विद्याही गेली.

आणि आता मोटारीचे पोटच बंद होत चालले आहे. दोष कोठे आहे हे सांगणारी गणकयंत्राची किल्ली कंपनीच्या हाती असते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली लोकांनी मतदान करून ही माहिती बाहेरच्या दुरुस्ती करणाऱ्यांनाही मिळाली पाहिजे, असा कौल दिला. विचार करून पाहिले तर १९४५ च्या संपातील मागणीच ही. तेव्हा कामगार म्हणाला, हिशेबाची वही उघडा. आज मिस्त्री म्हणतो, यंत्राची वही उघडा.

तेव्हा श्रोत्यांना आमची एवढीच विनंती आहे. आपल्या पेठेतल्या एखाद्या वृद्ध मिस्त्रीकडे जा, तो काय जाणतो ते विचारा, लिहून घ्या आणि त्याखाली त्याचे नाव घाला. कामगारसंघटनांनीही कारखान्याच्या फाटकाबाहेर येऊन गॅरेजातल्या पोऱ्याला सभासद करून घेतले पाहिजे. मोटारी जपणारे पुष्कळ आहेत. हात जपण्याचे काम अजून व्हावयाचे आहे.