पळणाऱ्यांची बखर

मराठीत ‘पळणे’ या क्रियापदाला फारशी इज्जत नाही. रणांगणातून पळालेला, कर्ज बुडवून पळालेला, बोहल्यावरून पळालेला... पळणारा म्हटला की त्याच्या मागे कोणीतरी लागलेले असणार, असे आपण धरूनच चालतो. आठ बाराच्या लोकलसाठी पळणाऱ्याला तेवढी समाजाने सूट दिली आहे. त्यामुळे मागे कोणी नाही, पुढे लोकल नाही, रविवारची पहाट आहे, आणि तरीही एक चांगला खातापिता गृहस्थ अर्ध्या चड्डीत बेचाळीस किलोमीटर पळतो, वर त्यासाठी पदरचे पैसे भरतो, हे पुष्कळांच्या गळी उतरत नाही. त्याला कारण विचारले तर तो आरोग्य, शिस्त, मनःशांती वगैरे सांगतो. त्यावर फार विश्वास ठेवू नये. तो पळतो ते सोमवारी सांगता यावे म्हणून. हे मी कुत्सितपणे म्हणत नाही. इतिहासच तसा आहे.

आता फिलिपिडीझचेच घ्या. ख्रिस्तपूर्व 490 साली मॅरेथॉनच्या रणांगणावरून तो अथेन्सपर्यंत पळत आला, ‘जिंकलो’ एवढे म्हणाला आणि कोसळून मेला, अशी गोष्ट आपण ऐकलेली असते. म्हणजे अनुभवकथन एका शब्दाचे आणि लगेच समाप्ती. श्रोत्यांच्या दृष्टीने यापेक्षा आदर्श धावपटू सापडणार नाही. पण त्या लढाईनंतर थोड्याच वर्षांनी जन्मलेला हिरोडोटस भलतेच सांगतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे फिलिपिडीझ पळाला तो लढाईच्या आधी, आणि स्पार्टाकडे मदत मागायला. अंतर सुमारे 240 किलोमीटर. दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या पोचला. स्पार्टावाले म्हणाले, येतो, पण पौर्णिमा होऊ द्या. (सरकारी कामाची पद्धत तेव्हाही हीच होती.) शिवाय वाटेत डोंगरावर त्याला पॅन नावाचा देव भेटला. देवाने त्याला नावाने हाक मारली आणि अथेन्सचे लोक माझ्याकडे लक्ष का देत नाहीत, अशी तक्रार केली. अथेन्सच्या लोकांना ते इतके पटले की त्यांनी पॅनचे देऊळ उभारले. हल्लीच्या पळणाऱ्यांना पस्तिसाव्या किलोमीटरनंतर काय काय दिसते हे ज्याने ऐकले आहे, त्याला यात नवल वाटणार नाही.

आणि तो मेला कधी? हिरोडोटसच्या ग्रंथात तो मरतच नाही. मरणाचा शेवट लावला तो प्लूटार्क आणि ल्युशियन या मंडळींनी, आणखी पाच-सहाशे वर्षांनी. प्लूटार्कने तर पळणाऱ्याचे नावच वेगळे दिले आहे. सांगण्याचा हा नियम आजही पाळला जातो. शर्यत संपल्यावर नुसती दुखणारी पोटरी पुढच्या दिवाळीपर्यंत ‘डॉक्टरांनी आशा सोडली होती’पर्यंत पोचते.

हौशी धावपटूची खरी कमाई ही सांगण्यातच आहे, याची लेखी नोंद मात्र 1978 सालची आणि हवाई बेटांवरची. अमेरिकन नौदलातले जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी यांनी 1974 साली सॅन दिएगोला पोहणे, सायकल आणि धावणे एकत्र केलेल्या एका शर्यतीत भाग घेतला होता. पुढे ते हवाईला आले. तिथे 1977 साली धावण्याच्या एका शर्यतीच्या बक्षीस समारंभात वाद निघाला, की सगळ्यांत दमदार कोण? पोहणारा, सायकलवाला की पळणारा? आपल्याकडे असा वाद निघाला तर आणखी एक चहा मागवतात आणि हॉटेलवाला खुर्च्या उलट्या करीपर्यंत बोलतात. कॉलिन्सनी उठून जाहीर केले, की ओआहू बेटावरच्या तीन शर्यती एकाच दिवशी, एकापाठोपाठ करायच्या. समुद्रात 3.8 किलोमीटर पोहायचे, मग 180 किलोमीटर सायकल हाणायची, मग होनोलुलूची 42 किलोमीटरची मॅरेथॉन पळायची. बेटाभोवतीची ती सायकलफेरी एरवी लोक दोन दिवसांत करीत. पहिला येईल त्याला आपण ‘आयर्न मॅन’ म्हणू, असेही ते म्हणाले. लोक हसले. हसणाऱ्यांना या इतिहासात एवढेच काम आहे.

18 फेब्रुवारी 1978 रोजी 15 जण पाण्यात उतरले. प्रवेश फी 5 डॉलर. चहापाणी आणि मदतीची माणसे ज्याची त्याने आणायची. नियमांच्या कागदावर तिन्ही अंतरे दिली होती आणि शेवटी एक ओळ होती. तिचा मतलब असा, की एवढे करा आणि मग जन्मभर बढाया मारा! रोख बक्षीस नाही, बोनस नाही, भत्ता नाही. मिळणार ते एवढेच, तोंडाचा आजीव परवाना. अटी-शर्तींचे कागद वाचण्यात बँकेत माझी उमेदीची वर्षे गेली, पण इतका प्रामाणिक कागद माझ्या टेबलावर कधी आला नाही.

12 जण शेवटपर्यंत पोचले. गॉर्डन हॅलर 11 तास 46 मिनिटे 58 सेकंदांत पहिला आला. खुद्द कॉलिन्सना सतरा तास लागले. पण चवीने सांगतात ती गोष्ट दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारची. त्याच्या मदतनिसांकडचे पाणी संपले, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली. पहिल्याची वेळ लक्षात राहते ती नोंदवहीला. दुसऱ्याची बिअर माणसांना आठवते.

1979 साली पुन्हा 15 जणच निघाले. टॉम वॉरेन नावाचा सॅन दिएगोचा एक बारमालक जिंकला. योगायोगाने ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’चा बॅरी मॅकडर्मॉट गोल्फवर लिहायला हवाईला आलेला होता. त्याने गोल्फ बाजूला ठेवून या वेड्यांवर लांबलचक लेख लिहिला, आणि पुढच्या वर्षी 108 जण हजर! जाहिरात कसली, एकाने दुसऱ्याला सांगितलेली गोष्ट. मग टेलिव्हिजन आला, आणि 1982 च्या फेब्रुवारीत ज्युली मॉस आली. तेवीस वर्षांची विद्यार्थिनी. अभ्यासाच्या प्रबंधासाठी म्हणून उतरलेली. बायकांत पहिली धावत होती. शेवटच्या टप्प्यात पाय दगा देऊ लागले. ती पडली, उठली, पुन्हा पडली. समोर रेघ दिसत असताना कॅथलीन मॅकार्टनी बाजूने निघून गेली आणि जिंकली. ज्युली उठली नाही. हातागुडघ्यांवर रांगत गेली आणि 29 सेकंदांनी रेघेला हात लावला. ते चित्र पाहून किती जणांनी घरातली सायकल बाहेर काढली! रांगणारी ज्युली सगळ्यांना आठवते. जिंकलेल्या कॅथलीनचे नाव मलासुद्धा दरवेळी पुस्तकात पाहावे लागते.

हे लोण आपल्याकडे पोचायला वेळ लागला, पण पोचले ते जोरात. मुंबईची मॅरेथॉन 2004 साली सुरू झाली आणि आज पुण्या-कोल्हापुराकडचे डॉक्टर, वकील परदेशी जाऊन आयर्नमॅन होऊन येतात. त्यांच्या कथनाची एक ठरलेली पद्धत आहे. आदल्या रात्री झोप नाही. पहाटे पोटाची चिंता आणि त्या कामासाठीची रांग. मग पेडर रोडचा चढ, जो सांगताना दरवर्षी वाढतो. मग पोटरीत गोळा. मग रस्त्याकडेची कोणीतरी अनोळखी आजी संत्र्याची फोड पुढे करते. आजी प्रत्येकाच्या गोष्टीत असते. इथे पॅनऐवजी आजी भेटते, एवढाच फरक.

मीही या कथांना कंटाळलेलो होतो. पण आमच्या शाखेत शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ आहेत. पंधरा वर्षांत ते माझ्याशी ‘व्हाउचर आलं का?’ याच्यापलीकडे बोललेले नाहीत. घरीही फार बोलत नसावेत. कारण घरच्यांचे फोन येत, तेव्हा ते ‘हो’ आणि ‘बरं’ एवढेच म्हणत. एका जानेवारीत हे अर्धी मॅरेथॉन पळून आले आणि सोमवारी डबा खाताना बोलू लागले. भाजी गार झाली, पोळ्या वाळल्या, मॅनेजरसाहेब दोनदा डोकावून गेले. अठराव्या किलोमीटरला ते फुटपाथवर बसले होते म्हणे. तिथून ते उठले कसे, हे त्यांनी तीनदा सांगितले, तिन्ही वेळा थोडे निराळे. कोणी टोकले नाही. बावन्न वर्षांत त्यांच्याजवळ सांगण्यासारखी पहिलीच गोष्ट आलेली होती.

न सांगणाऱ्याचे काय होते तेही पाहा. जपानचा शिझो कानाकुरी 1912 साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये उन्हाने हैराण झाला, वाटेत थांबला आणि अधिकाऱ्यांना एका शब्दाने न कळवता मायदेशी निघून गेला. स्वीडनमध्ये त्याची ‘हरवलेला जपानी’ अशी दंतकथा झाली. 1967 साली त्याला सन्मानाने बोलावून राहिलेली शर्यत पुरी करून घेतली. वेळ: 54 वर्षे, 8 महिने, 6 दिवस, 5 तास, 32 मिनिटे, 20.3 सेकंद. तेव्हा मात्र पंच्याहत्तरीचा म्हातारा बोलला. प्रवास लांबचा झाला, म्हणाला. वाटेत लग्न केले, मुले झाली, नातवंडे झाली.

हाच कानाकुरी मधल्या काळात 1920 साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये पळाला आणि 16 वा आला. त्याच शर्यतीत 19 वा आला तो बेळगावचा फडेप्पा दरेप्पा चौगुले. पुण्याला डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत अनवाणी पळणारी खेड्यातली माणसे दोराबजी टाटांनी पाहिली होती, त्यातून पुढे हा संघ तिकडे गेला. चौगुलेंची वेळ 2 तास 50 मिनिटांच्या थोडी वर. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात त्यांच्या वाट्याला एक ओळ येते, तीही वेळेची. जपान्याची जुनी अर्धवट शर्यत जगाला पाठ आहे. बेळगावच्या माणसाची पुरी केलेली शर्यत बेळगावात तरी किती जणांना ठाऊक असेल? आणि अँटवर्पचा तो रस्ता 42.75 किलोमीटरचा होता. ऑलिंपिकमधली सगळ्यांत लांब मॅरेथॉन तीच. त्या जादा साडेपाचशे मीटरांवर आमच्या शेजारच्या टेबलाने निदान तीन डबे गार केले असते.