फडताळातली पुस्तकं

परवा नातीचा फोन आला. तिने मोशीला नवा फ्लॅट घेतलाय. हॉलमध्ये खांबाच्या बाजूला भिंतीत एक खाच राहून गेली आहे, तीन फूट रुंद आणि फूटभर खोल. तिथे तिला पुस्तकांचं कपाट करायचंय. इंटिरियरवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून ती गारच झाली. मग म्हणाली, "आजी, थोडक्यात ते छान कसं दिसेल, सांग ना." आता मी पडले मास्तरीण. कुठल्याही प्रश्नाचं उत्तर मागच्या इयत्तेपासून सुरू करायची खोड जात नाही. मी पोथ्यांपाशी पोचेपर्यंत तिची ऑफिसची बस आली. उरलेलं इथे लिहिते आहे.

भिंतीतली कपाटं आपल्याकडे मुळात पुस्तकांसाठी नव्हतीच. जुन्या वाड्यांच्या भिंती दोन-दोन फूट जाड. भिंत एवढी जाड आहेच, तर तिच्या पोटातली जागा फुकट. दिव्यासाठी कोनाडा, देवासाठी देवळी, आणि दारं लावलेलं असेल ते फडताळ. त्यात लोणच्याच्या बरण्या, औषधाची मुळं, हिशेबाच्या वह्या. पोथी असलीच तर ती आडवी निजलेली, खाली-वर लाकडी पाट्या आणि वरून लाल कापड बांधलेलं. पेशवे दफ्तरातले कागदही असेच रुमालांत बांधलेले असत, म्हणून तिथली मोजणी 'रुमाल' अशी होते. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत पंचांग छापलं, छपाई घरोघर पोचू लागली, तरी छापील पोथीसुद्धा बराच काळ सुट्या आडव्या पानांचीच राहिली. पुस्तक फळीवर उभं राहायचं तर त्याला शिवलेली पाठ हवी, पाठीवर नाव हवं. युरोपातही एके काळी पुस्तकांची पाठ भिंतीकडे आणि पानं बाहेर अशी मांडणी असे, असं वाचलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. म्हणजे अडाणी आपणच नव्हतो!

जाता जाता एक सांगते. पोथीत चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ लावत. हरताळ फासणे हा वाक्प्रचार तिथूनच आला. हरताळात सोमल असतो, त्यामुळे कीडही दूर राही. लाल कापडाने धूळ अडे, वेखंडाच्या तुकड्याने कसर पळे. आज आपण ज्याला सजावट म्हणतो ती आपल्या घरांत मुळात राखण होती, असं मला वाटतं. रंग बघायला मिळायचा तो वर.

आमचं बिऱ्हाड पुण्यात नदीजवळच्या एका वाड्यात तळमजल्यावर होतं. अण्णांनी (माझे वडील) फडताळातल्या बरण्या माळ्यावर हलवून तिथे पुस्तकं लावली होती. प्रत्येकाला खाकी कागदाचं कव्हर आणि पाठीवर बोरूने नाव. फळीच्या कडेला आई वर्तमानपत्राची कातरलेली झालर लावायची, दर दिवाळीला नवी. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही. मी शाळकरी होते. आम्ही पर्वतीच्या बाजूला पळालो. दोन दिवसांनी परत आलो तर पांढऱ्या मातीच्या भिंती विरघळून खाली बसलेल्या आणि लाकडी सांगाडा तेवढा उभा. फडताळाची भिंत विटांची होती म्हणून राहिली. पुस्तकंही जागच्या जागी होती. पण पाणी पिऊन ती एवढी फुगली होती की एकही बाहेर निघेना. अण्णांनी शेवटी पहारीने फळी उचकटली, तेव्हा सगळी रांग एका ठोकळ्यासारखी खाली आली. खाकी कव्हरं एकमेकांना चिकटलेली, बोरूची शाई वाहून गेलेली. कुठलं पुस्तक कुठलं ते कळायला मार्ग नव्हता. अण्णा काही बोलले नाहीत. त्यानंतर ते पुस्तकं कधीही गच्च लावत नसत, रांगेत चार बोटं जागा सोडत. मी आजही सोडते.

लग्न होऊन १९७३ साली चिंचवडला आले. तोवर इकडचं रूप पालटलं होतं. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि शेतांच्या जागी कारखाने उभे राहिले. १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण झालं आणि नोकरदारांना नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने प्लॉट मिळू लागले. ही घरं नऊ इंची विटांची. आता नऊ इंचांत फडताळ कसं कोरणार? मागे साडेचार इंची वीट ठेवली तर पुढे साडेचारच इंच उरतात आणि डेमी आकाराचं पुस्तक साडेपाच इंच रुंद. म्हणजे ते इंचभर बाहेर डोकावणार. मग गवंडी भिंतीतून पुढे एक चौकट काढायचे आणि तिच्यात कडाप्पा बसवायचे. कडाप्पा वाळवी खात नाही, वाकत नाही. पण ही कपाटं भांडी आणि कपड्यांच्या मापाने, पंधरा-अठरा इंच खोल. पुस्तकांच्या दोन रांगा बसतात आणि मागची रांग जिवंतपणी समाधी घेते.

आमच्या ह्यांनी त्यावर उपाय काढला. कारखान्यात यंत्रांची देवदारी खोकी यायची, त्यांची फळकुटं कामगारांना वजनावर मिळत. दोन विटा, त्यावर एक फळकूट आणि त्यावर मागची रांग. मागची पुस्तकं पुढच्यांच्या डोक्यावरून बघू लागली, वर्गातल्या उंच मुलांसारखी. खर्च जवळजवळ शून्य. विटांना गेरू लावला तेव्हा तर शेजारणी बघायला आल्या.

कपाटाच्या पाठीला मी चित्रं चिकटवली होती. आमच्या माहेरी देवळीत रविवर्म्याची लक्ष्मी होती. ही चित्रं छापणारा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे मळवलीला आला, म्हणजे आपल्या लोणावळा लोकलच्याच वाटेवर. नंतर तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन गृहस्थांनी घेतला. १९७२ साली तो आगीत सापडला. गरिबाच्या घरात भिंतीवर रंग आणला तो या छापखान्याने. माझ्या कपाटात मात्र 'दीपावली' अंकांवरची दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं होती. अंक वाचून झाले की कव्हर कात्रीने कापायचं आणि खळीने चिकटवायचं. अंक फाडल्याबद्दल ह्यांनी दोन दिवस अबोला धरला होता. आता वाटतं, त्यांचंच बरोबर होतं. ते अंक आज हवे होते.

खळीचं आणखी एक सांगते, कारण नातीलाही ते सांगायचंय. त्या भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर होतं. ओल आली, खळ गोड, आणि वाळवीला त्याहून काय हवं? एका पावसाळ्यात चित्रांच्या मागून वाळवी वर चढली आणि ह्यांनी बांधून घेतलेले मासिकांचे सहा खंड आतून पोखरले गेले. बाहेरून पाठी शाबूत आणि उघडलं तर माती. तेव्हापासून मी पाठीला चुन्यात नीळ घालून नुसता हात देते. काळ्या कडाप्प्यावर ती निळी पाठ फार खुलून दिसते.

मोशीच्या फ्लॅटमध्ये चुनाही नाही आणि वीटही नाही. तिथल्या भिंती अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या. त्याच इमारतीचा भार उचलतात, म्हणून कोरायचा प्रश्नच नाही. खिळासुद्धा ड्रिलशिवाय जात नाही. मिळाली ती खाच हेच नशीब. तिला म्हटलं, फळ्यांसाठी पॅलेट बघ. चाकणच्या कारखान्यांतून पाइनच्या लाकडाचे येतात. पूर्वी हे सगळं कुदळवाडीत मिळायचं, पण तिथली भंगाराची दुकानं महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडली. फळ्या रंधून, तेल देऊन खाचेत नुसत्या टेकव, ठोकू नकोस. पाठीला निळसर डिस्टेंपरचा हात दे. पडदा हवा तर माझ्या इरकलीचा पदर घेऊन जा, साडी विरलीच आहे. आणि खाचेच्या पलीकडे बाथरूम आहे का, ते आधी बघ.

रविवारी तिने फोटो पाठवला. निळी पाठ झालीय, पदर लागलाय. मागची रांग विटांवर चढवली आहे आणि विटांना गेरूसुद्धा. मधल्या फळीवर मात्र पुस्तकं गच्च कोंबलीत. तिला फोन करते आहे.