न छापलेल्या निबंधांची बातमी

माहिती गुप्त ठेवायची म्हणजे ती कुलुपात घालायची, असे आपण समजतो. त्यापेक्षा अवघड काम असते ते नेमके काय लपवायचे हे ठरवण्याचे. अणुविज्ञानाच्या इतिहासात याचे एक बोलके उदाहरण आहे.

युरेनियमच्या विखंडनाचा शोध जानेवारी १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. विखंडनात नवे न्यूट्रॉन बाहेर पडत असतील तर शृंखला अभिक्रिया घडवता येईल आणि बाँबही शक्य होईल, हे लिओ झिलार्ड यांनी ओळखले. असे निष्कर्ष छापू नयेत, अशी विनंती त्यांनी फ्रान्समधील झोलिओ यांना केली. ती मान्य झाली नाही. २२ एप्रिलला पॅरिसच्या गटाने न्यूट्रॉनांची संख्या 'नेचर'मध्ये छापली. दोनच दिवसांनी जर्मनीत हार्टेक आणि ग्रोथ यांनी युद्धखात्याला पत्र लिहून नव्या स्फोटकाची शक्यता कळवली.

१९४० मध्ये अमेरिकेत ग्राफाइटचे मोजमाप झाले. ग्राफाइट न्यूट्रॉन फार कमी शोषतो, म्हणून अणुभट्टीला तो चालतो. हा आकडा छापला गेला नाही. १९४१ मध्ये जर्मनीत बोटे यांच्या मोजमापात ग्राफाइट निरुपयोगी ठरला. ती चूक दाखवू शकणारा आकडा त्यांच्यासमोर नव्हता.

पुढे मात्र अमेरिकी नियतकालिकांतून विखंडनाचा विषयच नाहीसा झाला. १९४२ च्या सुरुवातीला सोव्हिएत हवाई दलातील तरुण भौतिकशास्त्रज्ञ फ्लेरॉव व्होरोनेझच्या ग्रंथालयात आपल्या शोधावरील प्रतिक्रिया शोधत होते. प्रतिक्रिया तर नव्हतीच, पण या विषयातील नामवंतांचे निबंधही नव्हते. अमेरिकेत गुप्तपणे काम चालू आहे, असा निष्कर्ष काढून त्यांनी एप्रिलमध्ये स्टालिनला पत्र लिहिले. सोव्हिएत हेरांकडूनही बातम्या येत होत्या. पण फ्लेरॉवना हेराची गरज पडली नाही. एक आकडा लपवला तर तो लपतो. अख्खा विषय लपवला की ती मोकळी जागाच बोलू लागते.

ऑगस्ट १९४५ मध्ये निघालेल्या स्माइथ अहवालात मूलतत्त्वे उघड केली होती आणि बाँबच्या रचनेचा तपशील वगळला होता. सरसकट मौनाऐवजी वर्गवारी आली ती अशी.

शाळेच्या कपाटातही हेच असते. प्रश्नपत्रिकेची गुप्तता परीक्षेच्या दिवशी संपते, निकाल तर जाहीरच करायचा असतो. पण एखाद्या विद्यार्थ्याने विश्वासाने सांगितलेली घरची अडचण कधीच उघड करायची नसते. सगळ्याला एकच कुलूप लावून भागत नाही.