कोलनवॉटरची कुळकथा

एके काळी आपल्याकडील पांढरपेशा घरांत जी बाटली औषधांच्या कपाटात आणि आरशापुढील फळीवर सारख्याच हक्काने नांदत असे, त्या कोलनवॉटरचे गाव ऱ्हाईनकाठचे कोलोन असले, तरी गोत्र इटलीचे आहे; आणि त्याची गणना औषधांत करावी की अंगरागांत, या वादाचा निकाल अखेर बादशाही हुकुमानेच लागला.

पिडमाँट प्रांतातील सांता मारिया माज्जोरे या डोंगराळ गावी १६८५ साली जन्मलेल्या जोव्हान्नी मारिया फारिना याने १७०८ मध्ये भावाला पत्र लिहून कळविले, की आपल्याला साधलेला गंध इटलीतील वसंतप्रभातीची आणि पाऊस पडून गेल्यावर दरवळणाऱ्या नारिंगीच्या मोहराची आठवण करून देतो. १७०९ मध्ये भावाने कोलोन येथे रेशीम, फिती आदी उंची मालाची पेढी घातली, १७१४ मध्ये जोव्हान्नी तीत सामील झाला, आणि ज्या नगराने आश्रय दिला त्याचेच नाव, दरबारी शिरस्त्याप्रमाणे फ्रेंच भाषेत, त्याने आपल्या सुगंधजलास दिले.

त्या काळी युरोपातील उमराव कस्तुरी, जवादी, अंबर अशा जड, प्राणिज गंधांत बुडालेले असत. फारिनाने शुद्ध मद्यार्काचा आधार घेऊन त्यात बर्गमॉट, लिंबू व संत्रे यांच्या सालींची तेले आणि नारिंगीच्या फुलांचा अर्क मिसळला. यांपैकी बर्गमॉट हे दक्षिण इटलीतील कलाब्रियाच्या किनाऱ्यावर पिकणारे, लिंबाच्या कुळातील आंबट-कडसर फळ. जुन्या रीतीने फळाचे दोन भाग करून आतला गर कोरून काढीत, साल पाण्यात भिजवून स्पंजावर हाताने दाबून फिरवीत, आणि सालीतील सूक्ष्म पिशव्या फुटून स्पंजात मुरलेले तेल मातीच्या भांड्यात पिळून घेत. पीक दरसाल वेगळे, म्हणून तेलाचा वासही वेगळा; परंतु जुन्या मालाचे नमुने जपून ठेवून, निरनिराळ्या तेलांचे प्रमाण त्यांच्याशी ताडून, बाटलीतला गंध वर्षानुवर्षे एकसारखा राखणे, हेच फारिनाचे खरे कसब होय. ही तेले अतिशय उडून जाणारी असल्यामुळे, चंदनतेलावर बांधलेले आपले अत्तर रात्रीपर्यंत अंगाला धरून राहते तेथे हे पाणी तासा-दोन तासांत निरोप घेते. सणासमारंभाची वाट न पाहता ते रोज, आणि दिवसातून अनेकदा, सढळ हाताने वापरण्याची चाल पडली ती त्याच्या या उण्यामुळेच.

युरोपात 'अद्भुत जल' या नावाखाली सर्वरोगहारक अर्क विकण्याची परंपरा जुनी होती, आणि कोलनवॉटरही पोटात घेण्याचे व अंगास चोळण्याचे औषध म्हणून खपे. सप्तवार्षिक युद्धात कोलोनमार्गे गेलेल्या फ्रेंच सैनिकांनी त्याची कीर्ती मायदेशी नेली. पुढे कोलोन फ्रेंच अमलाखाली असता नेपोलियनने, जो स्वतः या पाण्याचा मोठा शौकीन होता, १८१० मध्ये असा हुकूम काढला, की गुप्त औषधे विकणारांनी आपली कृती सरकारात दाखल करावी. तेव्हा गुपित फोडण्यापेक्षा औषधीपणाचा दावा सोडणे उत्पादकांना परवडले, आणि कोलनवॉटर कायद्याच्या दृष्टीने निव्वळ सुगंधी द्रव्य ठरले.

कृती झाकली, तरी नाव झाकता आले नाही. व्यापारचिन्हांचा कायदा नसल्यामुळे फारिना हे नाव लावून माल खपविणारांचा सुळसुळाट झाला. विल्हेल्म म्युलहेन्स याने तर १८०३ मध्ये मूळ पेढीशी संबंध नसलेल्या दुसऱ्याच एका फारिनाकडून नावाचा हक्क विकत घेतला. त्याच्या वंशजांना १८८१ मध्ये ते नाव टाकावे लागले, तेव्हा त्यांनी आपल्या घराचा फ्रेंच अमदानीत पडलेला क्रमांक, ४७११, हेच नाव केले.

मराठी घरांत मात्र बादशाही वर्गवारी कधीच मानली गेली नाही. मुलाला ताप चढला, की वाटीभर पाण्यात थोडे कोलनवॉटर घालून, जुन्या मलमलीची चौपदरी घडी त्यात भिजवून कपाळावर ठेवीत आणि ती कोमट होताच बदलीत. त्याच बाटलीतले चार थेंब बाहेर निघताना रुमालावर पडत. शास्त्रतः हे विसंगतही नव्हते, कारण ज्या झटपट उडून जाण्याने मद्यार्क त्वचेतील उष्णता हरण करतो, त्यानेच लिंबा-नारिंगीचा गंध नाकापर्यंत पोचतो. गुण एकच होता. त्याची औषध आणि चैन अशी वाटणी केली ती दफ्तराने.