विल्ट, शॅक आणि माझी एक्सेल शीट

परवा जेवणाच्या सुट्टीत आमच्या टेबलावर जुनाच वाद परत निघाला. विल्ट चेंबरलेन विरुद्ध शकील ओनील, समोरासमोर आले असते तर कोण जिंकलं असतं? माझा शेजारचा सहकारी शॅकचा कट्टर भक्त. त्याचं म्हणणं, विल्टचे आकडे म्हणजे गल्ली क्रिकेटमधली शतकं, समोर बॉलिंगच नव्हती. मी कॉलेजच्या टीममध्ये सेंटर खेळायचो (उंची पाच फूट अकरा इंच, म्हणजे टीम कशी असेल ते ओळखा!), त्यामुळे हे वाक्य मला जरा लागलंच. शनिवारी सकाळी चहा घेतला आणि एक्सेल उघडलं.

ज्यांना बास्केटबॉलमध्ये रस नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोघेही सेंटर, दोघांचीही उंची सात फूट एक इंच. विल्ट १९५९ ते १९७३ एनबीएत खेळला, शॅक १९९२ ते २०११. विल्ट ऑक्टोबर १९९९ मध्ये वारला आणि शॅकचा सर्वोत्तम हंगाम नेमका पुढच्याच महिन्यात सुरू झाला. म्हणजे चुकामूक म्हणावी तर अशी.

विल्टचा १९६१-६२ चा हंगाम बघितला की पहिल्यांदा टायपो वाटतो. सामन्यामागे ५०.४ गुण आणि २५.७ रिबाउंड. त्यातच २ मार्च १९६२ ला पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावात त्याने एकट्याने १०० गुण केले. चॉकलेटवाल्या कंपनीचं गाव, प्रेक्षक ४,१२४, टीव्हीचा कॅमेरा नाही. फिलाडेल्फिया वॉरियर्सनी न्यूयॉर्क निक्सना १६९-१४७ असं हरवलं. शंभरी जवळ आल्यावर खेळ राहिला बाजूला. विल्टकडे चेंडू जाऊ नये म्हणून निक्स त्याच्या साथीदारांना फाउल करत होते, आणि चेंडू परत मिळावा म्हणून वॉरियर्स निक्सना. आमचा शॅकभक्त एवढंच सांगून थांबतो. मी पुढचं सांगतो: त्या रात्री विल्टने ३२ पैकी २८ फ्री थ्रो टाकले. हा माणूस कारकिर्दीत जेमतेम ५१ टक्के फ्री थ्रो टाकणारा! त्या हंगामात तो चेंडू दोन्ही हातांनी खालून, आजीबाईसारखा, उचलून टाकायचा आणि त्याची टक्केवारी ६१ पर्यंत गेली होती. पुढे त्याने ती पद्धत सोडली, कारण तसं टाकताना त्याला बायकी वाटायचं. हे त्याने स्वतःच नंतर कबूल केलं. शॅकचीही टक्केवारी तशीच रडकी होती, पण त्याने खालून टाकायचं नावही काढलं नाही. काळ बदलला तरी पुरुषांचा अहंकार काही बदलत नाही :)

असो. तर एक्सेल.

१९६१-६२ मध्ये एनबीएत एकूण नऊ संघ, आणि खेळ म्हणजे नुसती पळापळ. एक संघ सामन्यात सरासरी १०७.७ वेळा बास्केटवर चेंडू मारायचा. १९९९-२००० मध्ये, म्हणजे शॅकच्या सर्वोत्तम वर्षी, हाच आकडा ८२.१. जास्त फेकी म्हणजे जास्त गुण आणि हुकलेले चेंडूही जास्त, म्हणून रिबाउंडही जास्त. दुसरं, विल्ट सामन्यामागे ४८.५ मिनिटं खेळायचा आणि शॅक ४०.

मग मी विल्टला ४० मिनिटांवर आणलं आणि फेकींच्या प्रमाणात खाली ओढलं. ५०.४ चे झाले ३१.७. शॅकचे त्या वर्षी २९.७. रिबाउंडना हाच न्याय, फक्त इथे त्या त्या काळातले संघांचे सरासरी रिबाउंड धरले: २५.७ चे झाले १२.७, शॅकचे १३.६. गणित ढोबळ आहे, पण निकाल बघून मी खुर्चीत मागे रेललो. एवढा डोंगराएवढा फरक, आणि दोन भागाकारांत दोघं शेजारी येऊन उभे. त्यात शॅकची अचूकता ५७.४ टक्के, विल्टची ५०.६. स्वतःच्या काळाच्या सरासरीशी ताडून बघितलं तरी शॅकच पुढे. सोमवारी माघार घ्यावी लागणार असं दिसत होतं.

मग आमचं अप्रेझल आठवलं. मागच्या वर्षी एका रिलीजसाठी मी सलग तीन रात्री घरी गेलो नव्हतो. रेटिंग आलं तेव्हा मॅनेजरने शांतपणे सांगितलं की सगळे आकडे नॉर्मलाइझ केलेत, तू सरासरीत बसतोस. गणितात चूक काहीच नव्हती. फक्त त्या तीन रात्रींसाठी रकानाच नव्हता.

मीही विल्टला तेच केलं होतं. सामना असतो ४८ मिनिटांचा. त्याची सरासरी ४८.५, कारण जादा वेळेतही तो कोर्टवरच असायचा. हंगामातले ८० सामने, एकूण ३,८९० मिनिटं, आणि त्यातली ३,८८२ तो खेळला. कारकिर्दीतल्या १,०४५ सामन्यांत एकदाही फाउल भरून बाहेर गेला नाही. पायात कॅनव्हासचे बूट. आणि मी '४० मिनिटांवर आणूया' म्हणून हेच भागाकारात उडवून टाकलं!

'समोर बॉलिंगच नव्हती' हेही खरं नाही. समोर बिल रसेल होता, १३ हंगामांत ११ अजिंक्यपदं जिंकणारा. ५० ची सरासरी असूनही त्या वर्षी सर्वोत्तम खेळाडूचा मान विल्टला नाही, रसेलला मिळाला, आणि तेव्हा मतं खेळाडूच द्यायचे. रसेलने किती ब्लॉक केले? माहीत नाही. एनबीएने ब्लॉक मोजायला १९७३-७४ पासून सुरुवात केली, म्हणजे विल्टही तोवर निवृत्त झालेला. प्रोग्रामर मंडळींच्या भाषेत सांगायचं तर ही 'नल' आहे, शून्य नव्हे. डेटाबेसमध्ये हा घोळ केला की काय होतं ते आपल्याला माहीत आहेच.

बरं, सामना लावायचा तर नियम कुणाचे? बास्केटखालच्या रंगवलेल्या पट्ट्यात, समोर चेंडू आपल्या संघाकडे असताना, तीन सेकंदांपेक्षा जास्त उभं राहता येत नाही. हा पट्टा विल्ट आला तेव्हा १२ फूट रुंद होता. १९६४ मध्ये तो १६ फूट केला, त्यालाच बास्केटपासून लांब ठेवायला. शॅक आयुष्यभर विल्टसाठी आखलेल्या पट्ट्यात खेळला. २००० चे नियम लावले तर विल्टच्या विरोधात काढलेला नियम त्याला आणखी एकदा लागतो. १९६२ चे लावले तर शॅकला बास्केट चार फुटांनी मोकळं, पण पाठीने ढकलत आत घुसायची त्याची सवय तेव्हाच्या पंचांनी कितपत चालवून घेतली असती, मला शंका आहे.

माझं मत विचाराल तर, पहिला अर्धा तास शॅक. १४७ किलोचा माणूस, विल्टपेक्षा वीसेक किलोने जड, रेटून रेटून आघाडी घेणार. पण शॅक सात-आठ मिनिटं तरी बाकावर बसणार आणि तेव्हा विल्ट कोर्टवरच असणार. माझे पैसे विल्टवर, फार तर दोन-चार गुणांनी.

सोमवारी शीट घेऊन गेलो. शॅकभक्ताने सगळं नीट वाचलं आणि विचारलं, "मग राहिलेली आठ मिनिटं कुठे होता तुझा विल्ट?"

पंचांशी हुज्जत घातली म्हणून एका सामन्यातून त्याला बाहेर काढलं होतं.