गीताचा माग

मार्च २०२१ मध्ये कराचीच्या समाजसेविका बिल्किस ईधी यांनी वार्ताहरांना एक बातमी सांगितली. त्यांच्या संस्थेत वाढलेल्या गीता या वाट चुकलेल्या भारतीय मुलीला महाराष्ट्रात आई सापडली होती आणि मुलीचे मूळ नाव राधा होते. ना ऐकू येणारी ना बोलू शकणारी ही मुलगी भारतात परतली त्याला तेव्हा साडेपाच वर्षे होत आली होती. परराष्ट्र मंत्रालय, उच्चायुक्तालय, प्रयोगशाळा, पोलीस असे सगळे पाठीशी असताना एवढा काळ का लागला, हे समजून घ्यायचे तर छापील नोंदी क्रमाने लावाव्या लागतात.

पहिली नोंदच डळमळीत आहे. पाकिस्तानी रेंजर्सना ती लाहोर स्थानकात समझोता एक्सप्रेसमध्ये एकटी बसलेली आढळली, एवढ्यावर बहुतेक बातम्यांचे एकमत आहे. त्यापुढे वाटा फुटतात. काही बातम्यांत तिचे वय सात-आठ वर्षे, काहींत अकरा. काहींच्या हिशेबाने साल २०००च्या आसपासचे, काहींच्या मते २००३. शोधाच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. जुनी तक्रार शोधायची तर कोणत्या वर्षाचे रजिस्टर काढायचे, हेच त्यावरून ठरते. मुलीला स्वतःचे नाव सांगता येत नव्हते. लाहोरहून ती ईधी संस्थेकडे आणि पुढे कराचीला गेली. आधी तिला फातिमा म्हणत. ती हात जोडते, देवाला नमस्कार करते हे लक्षात आल्यावर बिल्किसबाईंनी तिचे नाव गीता ठेवले आणि तिच्या खोलीत देवांच्या तसबिरी लावू दिल्या. या प्रकरणात माणुसकीची सर्वांत भक्कम नोंद मला हीच वाटते.

सरकारी यंत्रणा वेगाने हलली ती २०१५ साली. जुलैमध्ये 'बजरंगी भाईजान' प्रदर्शित झाला, वाट चुकलेल्या मुक्या मुलीची गोष्ट दोन्ही देशांत पोचली आणि कराचीतल्या खऱ्या मुलीकडे सगळ्यांचे लक्ष गेले. परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांच्या सूचनेवरून ऑगस्टच्या आरंभी भारताचे उच्चायुक्त टी. सी. ए. राघवन पत्नीसह तिला भेटले. भारतातून आलेल्या छायाचित्रांपैकी बिहारमधल्या एका कुटुंबाचा फोटो तिने ओळखला, अशी नोंद आहे. २६ ऑक्टोबर २०१५ रोजी ती दिल्लीत उतरली. पण ते कुटुंब समोर आले तेव्हा तिने ओळख दिली नाही आणि डीएनएही जुळला नाही.

गाडी इथेच अडली. गीताची रवानगी इंदूरच्या मूकबधिरांच्या संस्थेत झाली. वेगवेगळ्या राज्यांतून कुटुंबे पुढे येत राहिली, 'ही आमची' म्हणत राहिली, नमुने घेतले गेले, अहवाल नकारार्थी आले. ऑक्टोबर २०१७ मध्ये सुषमाताईंनी तिच्या आईवडिलांचा पत्ता लावून देणाऱ्याला एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्यांची तळमळ खरी होती. पण शोधाची रीत अशी होती की दावेदाराने यायचे आणि यंत्रणेने त्याला तपासायचे. ज्या आईपर्यंत ती बातमीच पोचली नसेल, किंवा टीव्हीवरची तरुणी म्हणजे आपलीच पोर हे जिच्या ध्यानात आले नसेल, तिला या रीतीत जागा नव्हती.

रीत बदलली २०२० मध्ये. त्या वर्षी गीता इंदूरच्याच आनंद सर्व्हिस सोसायटीकडे आली. सांकेतिक भाषेचे जाणकार ज्ञानेंद्र पुरोहित यांनी तिच्या आठवणी एखाद्या दस्तऐवजासारख्या वाचायला घेतल्या. घराजवळ रेल्वे स्थानक. जवळ नदी, देऊळ. शेतात ऊस, भात, भुईमूग. रुळांवर डिझेलचे इंजिन. एकेक खूण कुठेही बसेल अशी; पण सगळ्या एकत्र ठेवल्या की नकाशा आक्रसतो. मराठवाड्यातल्या रेल्वेमार्गावर तेव्हा विजेच्या तारा नव्हत्या. शिवाय नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद), मनमाड करत थेट पंजाबात पोचते, आणि समझोता एक्सप्रेस सुटायची ती अमृतसरजवळच्या अटारीहून. गीता सचखंडनेच अमृतसरला गेली असावी, हा तर्क आहे. तिकीट नाही, साक्षीदार नाही. तरी ज्ञात खुणांशी तोच सर्वांत चांगला जुळतो. २०२०च्या अखेरीस तिला नांदेड-परभणीकडे आणले गेले आणि पुढचा मुक्काम परभणीतल्या एका संस्थेत झाला. तिथे आई समोर आली. मुलीच्या पोटावर भाजल्याचा डाग आहे, हे तिने सांगितले आणि तो तसाच निघाला. वडील काही वर्षांपूर्वीच वारले होते. त्या वेळच्या बातम्यांत डीएनए चाचणी व्हायची बाकी असल्याचा उल्लेख आहे, म्हणून मार्चमधल्या बातमीचा आधार डाग आणि आईचा शब्द एवढाच धरावा. जून २०२२ मध्ये गीता भोपाळला शोधात मदत केलेल्या रेल्वे पोलिसांचे आभार मानायला गेली, तेव्हा मात्र कुटुंब सापडले हे गृहीत धरूनच सगळे बोलत होते.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात, कडा गावी बसून हे कागद चाळताना मला त्यांत आमचाच मुलूख दिसतो. दिवाळीच्या मागेपुढे इथल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उचल (आगाऊ रक्कम) घेऊन साखर कारखान्यांवर निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. पोरे ट्रॅक्टरवर, ट्रकवर आईबापांसोबत असतात आणि चार-सहा महिने कोपीत, म्हणजे झोपडीत, राहतात. एखादे पोर तिकडे चुकले तर तक्रार कुठे द्यायची, गावाकडे की कारखान्याच्या हद्दीत? टोळीचा मुकादम म्हणतो, आधी शोधू. त्यात दिवस जातात. सप्टेंबर २०२२ पासून नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली आणि कड्याला स्थानक मिळाले. तीन वर्षांनी गाडी बीडपर्यंत गेली. माझ्या पिढीने या रेल्वेसाठी फार वाट पाहिली आणि तिचा आनंद मोठा आहे. पण आता लहान मूल गाडीत बसून फार लांब जाऊ शकते, हेही तितकेच खरे आहे.

कायदा आता पालकांच्या बाजूने आहे. 'बचपन बचाओ आंदोलन'च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये हरवलेल्या मुलाबाबत गुन्हा नोंदवणे बंधनकारक केले. हद्द कोणाची हा प्रश्न तक्रार घेण्याच्या आड येत नाही. कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंद होते आणि कागद नंतर योग्य ठाण्याकडे जातो. १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आहे, आपत्कालीन मदतीचा ११२ आहे, हरवलेल्या आणि सापडलेल्या मुलांच्या नोंदी संगणकावर ताडून पाहणारी सरकारी व्यवस्था आहे. पण ताडून पाहायला दोन नोंदी लागतात. एका टोकाला सापडलेल्या मुलाची नोंद असली आणि दुसऱ्या टोकाला आईबापाने काही लिहूनच दिले नसेल, तर संगणक कशाशी जुळवणार? गीताच्या बाबतीत तर लाहोरकडच्या टोकालाही वय आणि साल पक्के नव्हते.

म्हणून टोळी निघण्याआधी ग्रामपंचायतीने किंवा शाळेने प्रत्येक लेकराचा ताजा फोटो, पालकांचे दोन फोन नंबर, मुकादमाचे नाव, कारखान्याचे नाव आणि अंगावरच्या खुणा एका वहीत उतरवून घ्याव्यात, असे मी इथल्या सरपंचांना आणि गुरुजींना कळकळीने सांगतो. खुणांचा रकाना 'नाही' लिहून सोडू नये. तीळ, व्रण, भाजल्याचा डाग, जे असेल ते आईला विचारून लिहावे, आणि जे मूल बोलत किंवा ऐकत नाही त्याच्या नावापुढे तसे ठळक लिहावे.