जुन्या बुलेटमध्ये काळ्या ऑईलपेक्षा पांढऱ्या फेसाला जास्त का घाबरायचं असतं?

घरात आजोबांची नाहीतर वडिलांची जुनी बुलेट असेल, तर हा सीन तुम्ही पाहिलाच असेल. कुणीतरी जाणकार येतो, डिपस्टिक काढतो, दोन बोटांत ऑईल चोळतो आणि निकाल देतो, "काळं पडलंय, बदलून टाका." मालक बदलतो. आणि तरीही दोन वर्षांनी इंजिन उतरवायची वेळ येते ती येतेच.

कारण ऑईल काळं पडणं हा बहुतेक वेळा ऑईलचा दोष नसतोच, ते त्याचं काम असतं.

आजच्या ऑईलमध्ये डिटर्जंट असतात. डिटर्जंट म्हणजे धुण्याचा सोडा नव्हे. पेट्रोल जळताना जी काजळी पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरते, तिला भिंतींवर चिकटू न देता ऑईलमध्येच तरंगत ठेवणारी ही रसायनं असतात. म्हणून चांगलं ऑईल थोड्याच दिवसांत काळं होतं. उलट हजार किलोमीटर चालूनही ऑईल सोनेरीच दिसत असेल, तर काजळी आत कुठे बसतेय का, हा प्रश्न विचारायला हवा.

मग खरा कचरा कुठला? त्यासाठी या इंजिनाच्या पोटात डोकवावं लागेल.

ओतीव लोखंडाच्या सिलिंडरची, डाव्या पायाला ब्रेक आणि उजव्या पायाला गिअर असणारी ही बुलेट मूळची इंग्लंडची. १९५५ साली मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया कंपनी उभी राहिली आणि पुढची कित्येक दशकं जवळपास तेच इंजिन इथे बनत राहिलं. आजच्या गाड्यांमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच बहुधा एकाच ऑईलवर चालतात. इथे मात्र तिन्ही घरं वेगळी. इंजिनाचं ऑईल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं, प्रायमरी चेनच्या डब्यातलं वेगळं. म्हणजे क्लचचा भुगा इंजिनात येत नाही, हा मोठा फायदा.

इंजिनाचं ऑईल मागच्या टाकीतून एक पंप उचलतो, फिल्टरमधून पुढे ढकलतो आणि ते क्रँकच्या टोकातून थेट बिगएंडला पोचतं. दुसरा पंप खाली साचलेलं ऑईल परत पाठवतो. या जुन्या इंजिनांत बिगएंडला रोलर बेअरिंग नव्हतं, गोल फिरणारा बुश होता. बुश आणि क्रँकपिन यांच्यात ऑईलचा अगदी पातळ पडदा असतो, त्यावर सगळा डोलारा. त्या पडद्यात वाळूचा कण शिरला की तो चरे पाडत फिरतो. अशा आवाजाला मेकॅनिक मंडळी "बिगएंड वाजतंय" म्हणतात, आणि ते ऐकल्यावर मालकाचा चेहरा उतरतो.

म्हणजे भीती काजळीपेक्षा कणाची. कण येतो कुठून? फाटक्या एअर फिल्टरमधून, न पुसलेल्या नरसाळ्यातून, अर्धवट उघड्या कॅनमधून. आणखी एक वाट फार कुणी लक्षात घेत नाही. गळती थांबवायला कव्हरला भरभरून सिलिकॉन लावलं जातं. बाहेर आलेलं आपण पुसतो, आत गेलेलं तसंच राहतं. त्याचा एखादा तुकडा सुटून ऑईलच्या बारीक भोकात बसला, तर पुढचा खर्च विचारू नका.

आता पांढऱ्या फेसाकडे येऊ.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते, पण थोडी रिंगांवरून खाली उतरते. इंजिन नीट तापलं तर ती ब्रीदरच्या नळीतून निघून जाते. नाही तापलं तर आतच थंड होऊन ऑईलमध्ये मिसळते आणि झाकणाखाली दुधाळ, सायीसारखा थर जमतो. या पाण्यासोबत जळण्यातून आलेली आम्लं असतात, ती धातू हळूहळू खातात.

म्हणूनच "दर रविवारी पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवतो" हे ऐकायला प्रेमळ वाटलं तरी इंजिनासाठी वाईट आहे. पाच मिनिटांत पाणी बनतं, उडून जात नाही. सुरू करायचीच असेल तर वीस-पंचवीस किलोमीटर चालवून आणा, नाहीतर बंदच राहू द्या. कोकणातल्या पावसाळ्यात तर हे दुप्पट लागू.

यात एक सरकारी बाजूही आहे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते, पण अशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर येते. अशा गाडीचं ऑईल किलोमीटर मोजून बदलण्यात अर्थ नाही, तिथे कॅलेंडर बघायचं. चालती गाडी असेल तर दीड-दोन हजार किलोमीटर, उभी असेल तर सहा महिने. पावसाळा संपल्यावर एकदा तर नक्कीच.

बदलताना इंजिन गरम हवं. थंड ऑईल सोडलं तर कचरा तळाशीच राहतो. खाली एकाहून जास्त ड्रेन प्लग असतात, सगळे उघडा. काही गॅरेजमध्ये इंजिन डिझेलने धुऊन देतात. शक्यतो नको म्हणा. डिझेल कोपऱ्यांत राहून नवं ऑईल पातळ करतं आणि वर्षानुवर्षं बसलेला गाळ एकदम ढेकळांनी सुटू शकतो. त्यापेक्षा नवं २०डब्ल्यू-५० भरा, दोन-तीनशे किलोमीटर चालवा आणि पुन्हा सोडा. गाळाने भरलेल्या इंजिनाला हीच सगळ्यात सुरक्षित आंघोळ.

फिल्टर उजव्या बाजूच्या टायमिंग कव्हरमध्ये, खालच्या गोल टोपणामागे असतो. आत स्प्रिंग आणि वॉशर असतात. काढतानाच फोटो घ्या, कारण क्रम चुकला तर ऑईल न गाळताच पुढे जातं. बसवण्याआधी त्या कप्प्यात ताजं ऑईल ओता. कप्पा कोरडा असेल तर तो भरेपर्यंत बिगएंडला ऑईल मिळत नाही. मग इग्निशन बंद ठेवून डीकॉम्प्रेसर ओढायचा आणि पंधरा-वीस किका मारायच्या. घाम येईल, पण इंजिन बांधण्यापेक्षा स्वस्त.

लेव्हल बघतानाही एक गंमत आहे. गाडी बरेच दिवस उभी असेल तर ऑईल टाकीतून झिरपून क्रँककेसमध्ये उतरतं. डिपस्टिक कोरडी दिसते, आपण वरून ओततो आणि सुरू केल्यावर ब्रीदरमधून ऑईल उसळतं. आधी काही मिनिटं इंजिन चालवा, मगच मोजा.

काढलेलं ऑईल पांढऱ्या कपड्यातून गाळून पाहा. करडी, पिठासारखी पेस्ट आली तर ती नेहमीची झीज. चमकणारे पापुद्रे दिसले, विशेषतः पितळी रंगाचे, तर गाडी चालवू नका, आधी इंजिन उघडून घ्या.

आणि ते काळं ऑईल गटारात ओतू नका, वाळवीसाठी लाकडाला फासायलाही देऊ नका. २०१६ च्या नियमांत वापरलेलं ऑईल घातक कचऱ्यात मोडतं. नव्या ऑईलच्या रिकाम्या कॅनमध्येच भरा, वर 'जुनं' असं मोठ्या अक्षरात लिहा आणि जे गॅरेज नोंदणीकृत रिसायकलरला ऑईल देतं तिथे नेऊन द्या. 'जुनं' लिहायला विसरू नका, नाहीतर घरातलं कुणीतरी तेच पुन्हा गाडीत ओतेल.